पेनाचं भोक सरळ का जात नाही?



लाकडी पेन करणाऱ्या आपल्या गटांकडून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतोय. "मॅडम, लाकूड चांगलं होतं, तरी मधेच पितळ दिसायला लागलं." "कातता कातता तुकडाच उडाला." "नळी एका टोकाला घट्ट बसते, दुसऱ्या टोकाला खुळखुळते." या तिन्ही तक्रारींचं मूळ भोकात आहे. आकार, पॉलिश, चकाकी हे सगळं नंतरचं. भोक चुकलं की पुढची मेहनत पाण्यात जाते. आणि हे कळतं ते शेवटी, कांडी कातून झाल्यावर. तोपर्यंत लाकूड, नळी, चिकटवायचं द्रव्य आणि आपला अर्धा दिवस गेलेला असतो.

यात पैशाची गोष्टही आहे, ती आधी सांगते. आपल्या एका गटाला शाळेतल्या निरोप समारंभासाठी पेनांची ऑर्डर मिळाली होती. गटातल्या ताया कातायला आणि पॉलिशला तयार होत्या, पण भोक पाडायची भीती वाटायची. म्हणून कांड्या तालुक्याच्या एका वर्कशॉपमध्ये पाठवल्या. दर भोकामागे पैसे ठरले. कांड्या परत आल्या त्या दिसायला ठीक होत्या. कातल्यावर बऱ्याच पेनांवर एका बाजूने पितळ उघडं पडलं. ऑर्डर अर्धीच घेतली गेली. वर्कशॉपचे पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले, आणि त्या महिन्याचा अंतर्गत कर्जाचा हप्ता बचतीतून भरला गेला. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "हे बायकांचं काम नव्हे." मला ते मुळीच पटलं नाही. बंगळूर–म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणला लाखेची खेळणी लेथवर होतात, तिथे या कामात बायका आहेत. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणीही कातकामातूनच येतात. भोक पाडायला ताकद लागत नाही, सावकाशपणा लागतो. आणि जो भोक पाडतो त्याच्या हातात धंद्याची किल्ली राहते, एवढं खरं.

त्या परत आलेल्या कांड्या आम्ही फेकल्या नाहीत. करवतीने उभ्या चिरल्या, अगदी भोकाच्या रेषेवरून. शेंग सोलल्यावर दाणे दिसावेत तसं भोक आत कसं गेलंय ते दिसलं. काहींत भोक सुरुवातीला मधोमध होतं आणि खाली जाताना एका अंगाला कललं होतं. काहींचं तोंड भोंग्यासारखं रुंद झालं होतं. दोन कांड्यांत आतली भिंत जळून काळी पडली होती. तुमच्याकडे बिघडलेल्या कांड्या असतील तर तुम्हीही चिरून बघा. कुठल्या प्रशिक्षणात कळणार नाही इतकं त्यातून कळतं.

आता मुळापासून बघू. आपले गट करतात ते साधं बारीक पेन. त्याच्या आत पितळेच्या दोन नळ्या असतात, प्रत्येकी साधारण ५३ मि.मी. लांब. त्यासाठी ७ मि.मी.चं भोक लागतं. ब्लँक, म्हणजे आपली चौकोनी कांडी, साधारण १९ मि.मी. जाडीची घेतो. पेन तयार होतं तेव्हा टोकाजवळ त्याची जाडी सुमारे ८ मि.मी. राहते. म्हणजे नळीच्या बाहेर लाकूड उरतं ते जेमतेम अर्धा-पाऊण मि.मी., पापडाएवढं. एवढ्या पातळ लाकडाला आतून नळीचा सगळीकडून आधार हवा. भोक मोठं झालं की नळी आणि लाकूड यांच्यामध्ये पोकळी राहते, आणि पटाशी लागली की तिथूनच ढलपा उडतो.

इथे एक गैरसमज दूर करते. "भोक अगदी मधोमधच हवं" असं आपण म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. कांडी आपण नळीच्या भोकातून सळई घालून फिरवतो. म्हणजे पेन कातलं जातं ते भोकाभोवती, कांडीच्या मधाभोवती नव्हे. १९ मि.मी.च्या कांडीत मधापासून कडेपर्यंत साडेनऊ मि.मी. अंतर असतं. तयार पेनाच्या पोटाची जाडी ११ मि.मी. धरली तर भोकापासून बाजूला साडेपाचच लागतं. म्हणून भोक दोन मि.मी. बाजूला गेलं तरी पेन होतं. कातायला सुरुवात करताना कांडी थोडी थडथडेल, तेव्हा वेग कमी ठेवा, एवढंच. मी अशा कांड्या फेकून दिलेल्या पाहिल्यात, आणि त्या चांगल्या होत्या! खरे दोष दोन. भोक तिरकं असणं आणि भोक सैल असणं. तिरकं असेल तर एका टोकाला लाकूड पुरतं आणि दुसऱ्या टोकाला पुरत नाही, शिवाय रेषा वाकड्या दिसतात. दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवून कांडी केली असेल तर मात्र मधोमधच हवं, नाहीतर पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

मग सरळ भोकासाठी लेथच का? उभ्या ड्रिल मशीनवर बिट फिरतो आणि कांडी उभी धरलेली असते. कांडी केसभर जरी कलली तरी भोक कललंच. लेथवर उलटं असतं. कांडी फिरते आणि बिट स्थिर राहतो. आपल्या जात्याचं बघा. वरची तळी फिरते, मधला खुंटा जागेवर असतो. फिरणाऱ्या वस्तूचा फक्त मधला ठिपका जागचा हलत नाही. बिट त्या ठिपक्यावर बरोबर टेकला की तिथेच राहायला बघतो, कारण त्याला बाजूला ढकलणारा जोर दर फेऱ्याला दिशा बदलतो आणि एका अंगाला साचत नाही. पण खुंटा सैल असला की जातं डुगडुगतं आणि पीठ जाडंभरडं येतं. लेथचंही तसंच. म्हणून आधी यंत्र तपासायचं, मग लाकूड.

लेथच्या डाव्या हाताचा फिरणारा भाग म्हणजे हेडस्टॉक, आणि उजवीकडचा सरकणारा तो टेलस्टॉक. दोघांत टोकदार सेंटर बसवा आणि टेलस्टॉक पुढे आणून टोकाला टोक भिडवा. टोकं समोरासमोर यायला हवीत. डोळ्याला पटत नसेल तर दोन्ही टोकांच्या मधे पातळ स्टीलची पट्टी हलक्या दाबाने धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर यंत्र ठीक. कुठल्याही बाजूला कलली तर टेलस्टॉक सरकलेला आहे. हे दर आठवड्याला, आणि यंत्र हलवलं असेल तर लगेच करायचं. टेलस्टॉक बाजूला असेल तर भोक भोंग्यासारखं होतं, मग हात कितीही चांगला असो.

लाकूड. हे आपल्या हातात आहे. सुतारांकडचे उरलेले साग, शिसव, फणस, आंबा, चिंच यांचे तुकडे चालतात. कापलेलं माप आणि पैसे गटाच्या वहीत लिहा, शक्यतो पावती घ्या. झाड मात्र कुणी तोडून आणू नका, सागाला तर परवानगी लागते. कांडी वाळलेली हवी. पावसाळ्यात आपल्याकडे आमसुलं वाळत नाहीत तर लाकूड कुठलं वाळणार! साधी युक्ती म्हणजे वजनकाटा. कांड्यांचा एक गठ्ठा दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की कांडी तयार. ओल्या कांडीत भोक पाडलं तर नंतर लाकूड आवळतं, चिरतं आणि नळी सोडतं.

कांडी चौकोनी, आणि चारही कोन काटकोनात हवेत. सुताराचा गुण्या लावून बघा. चार जबड्यांचा चक कांडीला चारही बाजूंनी सारखं दाबतो, म्हणून कांडी चौरस नसेल तर चक तिला वाकडीच धरणार. काही ठिकाणी तीन जबड्यांचाच चक असतो. त्यात चौकोनी कांडी नीट बसत नाही. अशा वेळी कांडी आधी दोन सेंटरमध्ये धरून गोल कातून घ्या आणि मग चकात धरा. एक वळसा जास्त पडतो, पण भोक सुरेख येतं.

आता कापणी. एका पेनाला दोन तुकडे लागतात. मूळ कांडी १४० मि.मी. घेऊन त्यातून ६५-६५ मि.मी.चे दोन तुकडे कापा. नळी ५३ ची असताना ६५ कशाला, असं तुम्ही विचाराल. भोक आरपार पाडायचं नाही म्हणून. बिट दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना शेवटच्या पातळ थराला आधार नसतो आणि कडा ढलप्यासकट फुटते. म्हणून भोक ५९ मि.मी.वर थांबवायचं आणि बंद टोक नंतर करवतीने कापून टाकायचं. बिटाच्या टोकाचा निमुळता भाग सुमारे २ मि.मी. असतो, तो धरून ५७ मि.मी. पूर्ण रुंदीचं भोक मिळतं. तुकडा ५६ वर कापा, नळी चिकटवल्यावर उरलेलं घासून नळीबरोबर करा. आणखी एक फायदा म्हणजे बिट पलीकडे जाऊन चकाला धडकत नाही.

कापण्याआधी मूळ कांडीच्या मधोमध पेन्सिलने दोन-तीन आडव्या खुणा करा, म्हणजे दोन्ही तुकडे ओळखू येतील. भोक पाडायला सुरुवात करायची ती या मधल्या बाजूने, बाहेरच्या नव्हे. बिट थोडा कललाच तर तो खोलात, म्हणजे पेनाच्या बाहेरच्या टोकाकडे कलतो. मधल्या सांध्यापाशी दोन्ही तुकड्यांच्या रेषा जुळलेल्या राहतात, आणि गिऱ्हाईक पेन हातात घेऊन पहिल्यांदा बघतं ते तिथेच.

यंत्र सुरू करण्याआधी स्वतःकडे बघा. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी हसतं, तरी सांगणार. लेथ ओढणी ओढून घेतो, आणि ओढायला लागला की सोडत नाही. पदर कमरेला घट्ट खोचून वरून अॅप्रन बांधा. केसांचा अंबाडा, वेणी पाठीवर नको. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. बांगड्यांचा विषय नाजूक आहे, मला माहीत आहे. घरी सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न गटात मोकळेपणाने बोला. काही ताया बांगड्या कोपराकडे सरकवून वरून घट्ट बाहीचं जुनं शर्ट घालतात आणि मनगटाशी रबर लावतात. तेवढंही जमत नसेल तर त्या दिवशी मशीनवर दुसरी ताई बसेल, तुम्ही कांड्या कापा. हातमोजे घालायचे नाहीत, हाताच्या रक्षणासाठी म्हणून तर नाहीच, कारण मोजा आधी अडकतो आणि मग बोट. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. शिसवाचा भुसा काहींना खाज आणतो. आणि चकची चावी चकात ठेवून बटण दाबायचं नाही. चावी ठेवायची जागा ठरवून ठेवा, ती हातात किंवा त्या जागेवर, तिसरीकडे कुठेच नाही.

आता भोक. चकात तुकडा किमान अर्धा आत जाईल असा धरा आणि हाताने फिरवून बघा. पुढचं टोक वर्तुळ काढत असेल तर सैल करून पुन्हा धरा. टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसवा. त्याची मागची निमुळती शेपटी आणि ज्यात ती जाते ते भोक दोन्ही फडक्याने पुसून घ्या. भुशाचा एक कण राहिला तरी बिट तिरका बसतो. नंतर हाताने ठामपणे आत ढकला.

पहिल्यांदा ७ मि.मी.चा बिट लावायचा नाही. ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात असं माझं निरीक्षण आहे. लांब बिट वाकतो. लाकडाच्या रेषा कुठे कठीण, कुठे मऊ असतात. बिटाचं टोक कठीण रेषेवर टेकलं की मऊ बाजूला घसरतं आणि तिथूनच आत शिरतं. म्हणून आधी सेंटर ड्रिल लावा. तो आखूड, जाड असतो, वाकत नाही. त्याने मधोमध छोटा खड्डा करा, कडा साधारण ७ मि.मी. होईपर्यंत. मोठा बिट या खड्ड्यात आपोआप बसतो.

मग ७ मि.मी.चा बिट. लाकडासाठीचा किंवा लोखंडाचा धारदार बिट चालेल, भिंतीला भोक पाडायचा नको. टोकापासून ५९ मि.मी.वर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. बिट फिरत नसल्यामुळे ती खूण स्पष्ट दिसते. वेग मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास ठेवा. टेलस्टॉक पक्का आवळा आणि चाक हळूहळू फिरवा.

आता खरी परीक्षा आहे धीराची. दहा-बारा मि.मी. आत गेलं की बिट पूर्ण मागे घ्यायचा, भुसा झटकायचा, पुन्हा आत. बिटाच्या खाचांमधून भुसा बाहेर यायला हवा. साध्या ७ मि.मी.च्या बिटाच्या खाचा सुमारे ६९ मि.मी. लांब असतात. म्हणजे आपल्या ५९ ला जागा आहे, पण फार नाही. खाचा भरल्या की भुसा आत दाबला जातो, घासतो, तापतो. मग भोक मोठं होतं, भिंत जळते, बिट तिरका होतो. धूर दिसला किंवा जळका वास आला तर थांबा. पोळी करपल्याचा वास आपल्याला शेजारच्या खोलीतूनही येतो, हाही येईल. चाक मागे फिरवताना अगदी शेवटपर्यंत नेऊ नका, बहुतेक यंत्रांवर शेवटाला गेलं की ड्रिल चक सुटून बाहेर येतो. लहान यंत्राचं चाक एका दमात ५० मि.मी.च्या आसपासच पुढे जातं. उरलेल्यासाठी यंत्र बंद करायचं, टेलस्टॉक सैल करून पुढे सरकवायचा, पुन्हा आवळायचा. चालू यंत्रात टेलस्टॉक सरकवू नका.

भोक झालं की कांडी लगेच चिकटवायला घेऊ नका. गरम असते, थंड होऊ द्या. मग नळी घालून बघा. बोटाने हलकं ढकलल्यावर आत जायला हवी आणि आत गेल्यावर डुगडुगायला नको. हातोडीने ठोकावी लागली तर भोक लहान आहे किंवा आत भुसा आहे. बंद टोक कापल्यावर दोन्ही टोकांना चारही बाजूंनी भोकापासून कडेपर्यंत पट्टी लावून मोजा आणि कांडीवरच पेन्सिलने लिहा. कुठलीही बाजू चार मि.मी.पेक्षा कमी नसेल तर कांडी पुढे पाठवा. कमी असेल तर बाजूला ठेवा, त्यातून लहान किल्लीसाखळी होऊ शकते.

नळी चिकटवण्याआधी पॉलिश पेपरने बाहेरून खरखरीत करा. सागाला नैसर्गिक तेल असतं, भोकातून थिनरचा बोळा फिरवून वाळू द्या. बाकी चिकटवणं आणि कातणं यावर पुढच्या अंकात लिहीन.

बिघाड ओळखायचा कसा, एवढं सांगून थांबते. तोंड रुंद आणि आत ठीक असेल तर सेंटर ड्रिल वगळलंय किंवा टेलस्टॉक बाजूला आहे. तोंड मधोमध आणि तळ कललेला असेल तर बिट बोथट आहे, घाईने दाबलाय किंवा कांडी चकात तिरकी बसलीय. पूर्ण भोकच सैल असेल तर बिटाच्या दोन धारा सारख्या घासलेल्या नाहीत, एक धार लांब आणि एक आखूड. असा बिट स्वतःपेक्षा मोठं भोक पाडतो, तो बदलाच. कांडी चिरली तर ओलं लाकूड किंवा उष्णता.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला ज्यांच्याकडे बिघडलेल्या कांड्या आहेत त्यांनी प्रत्येकी दोन-तीन घेऊन या, चिरायची करवत मी आणते. भोकामागे बाहेर किती पैसे दिले आणि त्यातल्या किती कांड्या विकण्याजोग्या निघाल्या, तेही वहीतून लिहून आणा. स्वतःचा ड्रिल चक आणि सेंटर ड्रिल प्रभागसंघाच्या निधीतून घ्यायचा की नाही, ते हे आकडे समोर ठेवून ठरवू.